गाव, घर आणि पूर्वजांची भाषा : मॉरिशसच्या मराठी समाजाविषयी काही विचार

पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागर ह्या गावी आज राहणाऱ्या पुष्कळांस 'तुमचे गाव कोणते?' असा प्रश्न केला असता ते पिंपळे सौदागरचे नाव घेत नाहीत. कोणी लातूरकडील एखाद्या खेड्याचे नाव सांगतो, कोणी जळगावकडील, कोणी संगमेश्वराकडील. घर येथे असते, त्याचे हप्ते येथे फेडले जातात, मुले येथल्या शाळेत वाढतात. 'गाव' मात्र अन्यत्र असते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढे चिंचवड, भोसरी, चाकण असा उद्योगांचा पट्टा पसरत गेला, तेव्हापासून ह्या परिसरात येऊन वसलेल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत. तरीही 'घर' आणि 'गाव' ह्या दोन शब्दांतील अंतर पुसले गेलेले नाही. मराठी भाषेत हे अंतर फार जुने आहे. माणूस जेथे राहतो ते घर, आणि जेथून तो आला व जेथे सणासुदीस, लग्नकार्यास आणि शेवटच्या विधींस परतणे अपेक्षित असते ते गाव.

ह्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की परतीची वाट उघडी आहे. ती वाट कायमची बंद झाली तर ह्या दोन शब्दांचे काय होते, ह्याचा एक मोठा ऐतिहासिक दाखला मराठी समाजात उपलब्ध आहे. तो हिंदी महासागरातील मॉरिशस ह्या बेटावरचा. आपल्याकडे ह्या बेटावरील मराठी बांधवांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन सुरांत असते. एक कौतुकाचा, की दीडशेहून अधिक वर्षे समुद्रापार राहूनही त्यांनी मराठी जपली. दुसरा हळहळीचा, की त्यांच्या घरांतून मराठी नाहीशी झाली. दोन्ही विधानांत तथ्याचा अंश आहे. परंतु भाषा ही घरात बोलली जाते किंवा मरते, ह्यापलीकडे तिची गती नसते असे दोन्ही पक्ष धरून चालतात. मॉरिशसचा इतिहास ह्या गृहीतास बाधा आणतो.

मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. डच, फ्रेंच आणि १८१०पासून इंग्रज असे त्याचे धनी बदलत गेले. उसाचे मळे फ्रेंच अमदानीतच लागले होते व त्यांवर आफ्रिका आणि मादागास्कर येथून आणलेले गुलाम राबत होते. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. परंतु मळेवाल्यांनी पर्यायी मजुरांची तजवीज त्यापूर्वीच आरंभिली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरास लागले. ह्या मजुरांची नोंद 'धांगर' अशी सापडते. ते महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगरी भागातील आदिवासी मजुरांस त्या काळी बंगालकडे हे नाव होते. निव्वळ नामसादृश्यावरून त्यांस मराठी ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे.

मराठी भाषक मजूर गेले ते मुंबई बंदरातून. मजुरांच्या निर्यातीविरुद्ध ओरड झाल्यामुळे १८३०च्या दशकाअखेर ती काही काळ थांबविण्यात आली आणि १८४२च्या कायद्यानंतर पुन्हा सुरू झाली. कलकत्ता व मद्रास ह्यांच्या मानाने मुंबईचा वाटा लहान होता, आणि १८६०च्या दशकानंतर तो जवळजवळ आटला. ह्या ओघातील मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातील व त्याच्या आसपासच्या कोकणपट्टीतील; त्याखेरीज घाटावरील काही जण. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बेटावर आलेल्या एकूण साडेचार लाखांच्या आसपास भारतीयांपैकी सुमारे एक तृतीयांश मायदेशी परतले. उरलेले तेथेच राहिले. १८६१च्या जनगणनेत बेटाच्या लोकसंख्येत भारतीयांचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक भरले.

जे राहिले ते सर्वच स्वखुशीने राहिले असे मानणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. मूळ करार पाच वर्षांचा, आणि मुदतीअंती फुकट परतीचा प्रवास हा मजुराचा हक्क असे. १८५०च्या दशकाच्या आरंभी हा हक्क काढून घेण्यात आला. परतीचे भाडे स्वतः भरावयाचे, आणि मजुरीतून तर एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचे वेतन कापले जावयाचे, अशी स्थिती होती. १८६७च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तो नसल्यास भटक्या म्हणून अटक होई. आदोल्फ द प्लेव्हित्झ ह्या गृहस्थाने १८७१ साली हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरपुढे ठेवला व पुढे शाही चौकशी आयोग बेटावर आला, हा भाग सुपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की 'गावी' जाण्याची वाट कायद्याने, भाड्याने आणि अंतराने अशी तिहेरी बंद झाली.

येथे त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून त्याच सुमारास निघालेल्या दुसऱ्या ओघाकडे पाहणे उपयुक्त होईल. कावसजी दावर ह्यांची कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली व १८५६ साली सुरू झाली. पुढील अर्धशतकात गिरण्यांची संख्या वाढत गेली, आणि मनुष्यबळासाठी मुंबई कोकणावर अवलंबून राहू लागली. मॉरिशसकडील वाट आटली त्याच काळात मुंबईकडील वाट रुंदावली. एकाच घरातील एक भाऊ मुंबईस व त्याचा चुलता मॉरिशसला, अशी शक्यता नाकारता येत नाही. परंतु दोघांच्या वाट्यास आलेला 'घर' ह्या शब्दाचा अर्थ पूर्णतया भिन्न होता. मुंबईचा चाकरमानी चाळीतल्या खोलीत राही, तिला 'खोली' म्हणे, 'बिऱ्हाड' म्हणे. 'घर' हा शब्द कोकणातील घरासाठी राखून ठेवलेला असे. मनिऑर्डर तिकडे जाई. भाद्रपद जवळ आला की बोटीने, पुढे एस्टीने आणि नंतर रेल्वेने तो गणपतीस घरी जाई. कोकणातील गणपती हा मूलतः घराचा, कुळाचा उत्सव आहे; ज्या घरी तो बसतो तेच खरे घर, अशी त्यामागची समजूत.

मॉरिशसच्या मजुराजवळ ना बोट होती, ना रजा. मळ्यावरील 'कां'मध्ये, म्हणजे फ्रेंच 'कँप'वरून आलेल्या क्रिओल नावाच्या वस्तीत, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपड्यांच्या रांगा असत. झोपडी मळेवाल्याच्या मालकीची. करार मोडला की निवारा गेला. तेव्हा तेथे 'घर' असण्यास एक भौतिक अट होती, ती जमिनीची. ती १८७० ते १८९०च्या दरम्यान काही अंशी पुरी होऊ लागली. साखरेचे भाव घसरल्यामुळे मळेवाल्यांनी कडेच्या, खडकाळ किंवा गिरणीपासून दूरच्या जमिनी तुकडे पाडून विकावयास काढल्या. बेटाच्या आर्थिक इतिहासात हा काळ 'ग्रां मोर्सेलमां', म्हणजे मोठ्या तुकडेवाटपाचा काळ, म्हणून ओळखला जातो. मुकादम, गाडीवान, दुकानदार अशा मध्यस्थांच्या हाती थोडा पैसा आला होता. त्यांनी आधी जमीन घेतली आणि लहान तुकडे पाडून इतरांस दिली. 'कां'मधून माणसे वेगळी होऊन 'गावे' वसू लागली ती अशी. ह्या गावांची नावे फ्रेंच राहिली: आँरिएत, कास्कावेल, पतीत रिव्हिएर. मराठी वस्ती विशेषतः बेटाच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागात दाटली. कास्कावेलला विठ्ठल-रखुमाईचे देऊळ उभे राहिले.

गणेशोत्सवाच्या बाबतीत जी माहिती मॉरिशसमध्ये सर्वत्र सांगितली जाते तिच्याप्रमाणे तेथील पहिला उत्सव १८९६ साली आँरिएत येथे भिवाजी नावाच्या कुटुंबाने केला. लोकमान्य टिळकांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवास चालना दिली ती १८९३-९४च्या सुमारास. त्यामुळे दोहोंचा संबंध जोडण्याचा प्रयत्न केला जातो. पुण्यातील वार्ता तेथपर्यंत पोहोचली नसेल असे नाही. परंतु १८९६ ह्या वर्षाचे स्पष्टीकरण बेटावरच शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. तुकडेवाटपातून स्वतःची जमीन आणि स्वतःची भिंत मिळाल्यानंतरच घरचा गणपती बसविता येतो. त्याआधीच चार वर्षे, २९ एप्रिल १८९२ रोजी, बेटास एका भयंकर चक्रीवादळाने झोडपले होते आणि त्यात १,२००च्या वर माणसे दगावली होती. वादळानंतर पुन्हा उभारलेल्या घरात मूर्ती आणणे ह्याचा अर्थ कोकणातील माणसास वेगळा सांगावा लागत नाही. चाकरमानी गणपतीसाठी घरी जात होता. मॉरिशसच्या मराठी माणसाने गणपती आणला, आणि त्यामुळे ती जागा घर झाली. आज तेथे गणेश चतुर्थी ही राष्ट्रीय सुटी आहे, आणि दक्षिण किनाऱ्यावरील बे-द्यु-काप येथे विसर्जनास मोठी गर्दी लोटते.

आता भाषेकडे वळू. येथे घटनाक्रम बराच गुंतागुंतीचा आहे.

मराठी मजुरांची संख्या लहान, आणि मळ्यांवर ते विखुरलेले. मळेवाले व मुकादम ह्यांच्याशी व्यवहार फ्रेंचमूलक क्रिओलमध्ये. भारतीय मजुरांत बहुसंख्या बिहारकडील असल्यामुळे त्यांच्याशी व्यवहार भोजपुरीत. आरंभीच्या खेपांत स्त्रियांचे प्रमाण फार अल्प होते. १८५०च्या दशकात ते वाढविण्याविषयी नियम झाले, तरी मराठी पुरुषास मराठी भाषक पत्नीच मिळेल ह्याची शाश्वती नव्हती. परिणामी मराठीचा संकोच दोन टप्प्यांत घडला. प्रथम गावाच्या पातळीवर भोजपुरी ही भारतीयांची सामाईक भाषा झाली आणि ती मराठी, तेलुगू, तमिळ घरांतही शिरली. नंतर, विशेषतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, क्रिओलने भोजपुरीसही मागे सारले. २०११च्या जनगणनेत बेटावरील ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी घरी बोलण्याची भाषा म्हणून क्रिओल नोंदविली. मराठी समाजात ती घरी बोलणारे आज थोडेच आहेत.

परंतु त्याच जनगणनांत आणखी एक प्रश्न विचारण्यात येतो: 'तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती?' घरच्या भाषेच्या रकान्यात ज्यांनी क्रिओल लिहिले त्यांतील हजारो जण ह्या दुसऱ्या रकान्यात मराठी लिहितात. भाषाशास्त्राच्या नेहमीच्या पद्धतीने पाहिले तर दुसरा रकाना निरर्थक वाटेल. भाषिक सर्वेक्षणात प्रत्यक्ष वापर मोजावयाचा असतो, आठवण नव्हे. पॅट्रिक आयझेनलोर ह्यांच्या 'लिटल इंडिया' (२००६) ह्या मॉरिशसविषयक ग्रंथात ह्या प्रश्नाचा, मुख्यतः हिंदीच्या संदर्भात, सविस्तर ऊहापोह आहे. पूर्वजांची भाषा ही तेथे वर्तमानातील संवादाचे साधन म्हणून जोपासली जात नाही. गतकाळाशी, धर्माशी व आपल्या समूहाच्या स्थानाशी असलेला संबंध तिच्याद्वारा व्यक्त होतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

मराठीच्या बाबतीत त्यात आणखी एक पेच आहे आणि तो इकडील अभ्यासकांच्या लक्षात सहसा येत नाही. मॉरिशसमध्ये सायंकाळच्या 'बैठकां'तून, पुढे शासकीय प्राथमिक शाळांतून आणि १९७० साली स्थापन झालेल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून जी मराठी शिकविली जाते ती प्रमाण मराठी होय, म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकांची मराठी. जहाजात बसलेले पूर्वज ही भाषा बोलत नव्हते. ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (१९०५) कोकणातील संगमेश्वरी, बाणकोटी इत्यादी बोलींचे जे नमुने आहेत, त्यांच्या जवळपासची त्यांची बोली असली पाहिजे. म्हणजे 'पूर्वजांची भाषा' म्हणून आज मुलांना जी दिली जाते ती काटेकोरपणे पाहता पूर्वजांची भाषा नाही. ती त्यांच्या वंशजांनी नंतर स्वीकारलेली आहे. ह्यात कोणी फसवणूक पाहू नये. महाराष्ट्रातही रत्नागिरीच्या कुणब्याच्या मुलास शाळेत हीच भाषा शिकावी लागली. फरक इतकाच, की त्याच्या घरात आजीची बोली शिल्लक होती.

ती बोली मॉरिशसमध्ये अगदीच शिल्लक नाही असे मात्र नव्हे. तिचा माग काढावयाचा तर व्याकरणापेक्षा सणांकडे जावे लागते. कोकणात गणपतीच्या दिवसांत गोल फेर धरून, पायांत घुंगरू बांधून जो नाच करतात त्यास 'जाखडी' म्हणतात. मॉरिशसच्या मराठी समाजात हाच नाच 'झाकरी' ह्या नावाने चालू आहे. शब्दाचे हे रूपांतर पाहण्याजोगे आहे. दुसऱ्या अक्षरातील महाप्राणत्व पहिल्या अक्षरावर गेले, 'ज' चा 'झ' व 'ख' चा 'क' झाला. आणि 'ड' च्या जागी 'र' आला, कारण क्रिओलमध्ये मूर्धन्य ध्वनी नाहीत. लेखी परंपरेतून आलेला शब्द असा बदलत नाही. पुस्तकातून आला असता तर तो शुद्धलेखनासह आला असता. 'झाकरी' हे रूप तोंडातून तोंडी, भिन्न ध्वनिव्यवस्थांच्या तोंडांतून, पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याचा पुरावा आहे. महाराष्ट्रातून जाणारे सदिच्छ पाहुणे हा शब्द 'सुधारून' देऊ पाहतात. त्यांनी तसे न केलेले बरे.

व्यक्तिनामांचेही असेच. कोकणातील मजुरास बहुधा आडनाव सांगण्याची सवय नव्हती. डेपोतील कारकुनाने त्याचे व त्याच्या बापाचे नाव लिहून घेतले, आणि पुढील पिढीत ते नावच आडनाव होऊन बसले. 'भिवाजी' हे कोकणात कोणा एका माणसाचे नाव असावयाचे. बेटावर ते कुळाचे नाव झाले. ज्या माणसाने समुद्र ओलांडला त्याच्यापासून वंश मोजावयाचा, असा हा नवा प्रारंभ आहे. त्यामागील कुळ, भावकी, गावकीतील मान ह्यांचा सर्व इतिहास नामव्यवस्थेतून गळून पडला.

हे सर्व निव्वळ भावनेचे विषय आहेत असे कोणी समजू नये. प्राथमिक शिक्षणाच्या अखेरच्या परीक्षेतील गुणवत्ताक्रमात पौर्वात्य भाषांचे गुण धरावेत की नाही, ह्या प्रश्नावर १९९५ साली मॉरिशसमध्ये मोठा वाद माजला. चांगल्या माध्यमिक शाळेतील प्रवेश त्या क्रमावर अवलंबून होता. पूर्वजांची अशी भाषा ज्यांच्या पदरी नाही अशा क्रिओल समाजाने ह्यात आपल्यावर अन्याय पाहिला. ह्या प्रश्नी घटनादुरुस्तीचा प्रयत्न फसला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचा पराभव झाला. २०१२पासून प्राथमिक शाळांत क्रिओलही ऐच्छिक विषय म्हणून आली. एकाचे स्मरण हे दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते, ही बाजू मराठीच्या कौतुकात नेहमी झाकली जाते. वास्तविक मराठी मुलाचीही घरची भाषा क्रिओलच. तो घराला 'लाकाझ' म्हणतो. हा शब्द फ्रेंच 'ला काझ', म्हणजे झोपडी, ह्यावरून आला. त्यातील उपपद शब्दाला कायमचे चिकटले आहे. जमिनीस 'लातेर', समुद्रास 'लामेर' हीही तशीच घडण. मळ्यावरील गुलामांच्या झोपडीचा शब्द गुलामांच्या वंशजांस आणि करारबद्ध मजुरांच्या वंशजांस 'घर' म्हणून सारखाच वारसाहक्काने मिळाला आहे. फेब्रुवारी १९६०मधील 'कॅरोल' चक्रीवादळात पाचटाची व पत्र्याची घरे हजारोंनी उडून गेली, आणि त्यानंतर बेटभर सिमेंटच्या सपाट छपरांची घरे उभी राहिली, तरी शब्द 'लाकाझ' हाच राहिला.

ह्याच्या अगदी उलट उदाहरण मॉरिशसमध्येच पाहावयास मिळते. दिएगो गार्सिया येथील लष्करी तळासाठी चागोस बेटांवरील रहिवाशांस १९६७ ते १९७३ ह्या काळात तेथून हलविण्यात आले व त्यांतील पुष्कळ जण पोर्ट लुईच्या वस्त्यांत येऊन पडले. त्यांची भाषा शेजाऱ्यांना समजत होती, कारण तीही क्रिओलच. गेले ते गाव. मराठी समाजाची भाषा घरातून गेली, पण पायाखालची जमीन त्याने मिळविली. दोघांच्याही लेखी 'गाव' ही स्मरणातील वस्तू आहे. चागोसवासीयांनी ती न्यायालयात मागितली. मराठी समाजाने ती कधी मागितल्याचे दिसत नाही. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले तेव्हा तो त्या राष्ट्राचा नागरिक म्हणूनच उभा होता.

अलीकडे मात्र एक नवी हालचाल आढळते. महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. मजुराचा क्रमांक, जहाज, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, जिल्हा व गाव इतका तपशील त्यांत असतो. १८६०च्या दशकानंतरच्या कित्येक नोंदींसोबत छायाचित्रही. वंशज अर्ज करून आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा दाखला मिळवितात आणि काही जण तो हाती घेऊन कोकणात येतात. येथे अडचण उभी राहते ती गावाच्या नावाची. मराठी, कानडी, हिंदुस्थानी कोणतीही भाषा न जाणणाऱ्या कारकुनाने, दुभाष्याच्या तोंडून ऐकून, इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने ते नाव लिहिलेले असते. जिल्ह्याचे 'रटनाघेरी' ओळखता येते. गावाचे ओळखता येत नाही, आणि एकाच नावाची पाच-सहा गावे एका तालुक्यात असली तर वाडीचे नाव लागते, ते नोंदलेलेच नसते. पिंपळे ह्या नावाची तीन गावे पवनेच्या परिसरात शेजारीशेजारी असल्यामुळे त्यांस सौदागर, गुरव, निलख अशी दुसरी नावे जोडावी लागली. बोटीवर चढताना असे दुसरे नाव कोणी विचारले नसावे. महसुली दप्तरांतील जुनी गावनावे, त्यांचे स्थानिक उच्चार आणि नोंदवह्यांतील लेखन ह्यांची जुळणी करून देणारा कोश अद्याप कोणी केलेला नाही. नोंदवह्या पोर्ट लुईजवळ आहेत, दप्तरे रत्नागिरीत व पुण्यात आहेत, आणि उच्चार सांगणारी वृद्ध माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.